तीनातून पाच जातात: सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या सर्वांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहावी-सातवीला गणित शिकवणारे शिक्षक, आमचे केंद्रप्रमुख आणि शिक्षण विभागातील अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै निम्मा सरला की आपल्याकडं दोन गोष्टी एकदमच येतात. पंचगंगेला पाणी चढायला लागतं आणि सहावीच्या वर्गात पूर्णांक संख्यांचा धडा सुरू होतो. पहिली गोष्ट मुलांच्या तोंडावर असते. प्रार्थनेच्या रांगेतच कुणीतरी सांगतं, "राजाराम बंधारा बत्तीस फूट झालाय. राधानगरीचं दरवाजं अजून उघडलं न्हाईत." पंचगंगेचं पाणी याच बंधाऱ्यावर मोजतात; तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे नदीकाठच्या पोराला शिकवावं लागत नाही. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं, हेही वर्गातली दोन-चार मुलं सहज सांगतात. मग हीच मुलं वर्गात बसतात, फळ्यावर −7 आणि −3 लिहिलेलं असतं, मोठी कोणती विचारलं की निम्मा वर्ग "सात" म्हणून मोकळा होतो.

ज्या मुलाला 32 फूट आणि 36 फूट यांत पाणी कधी जास्त होतं हे झोपेतही सांगता येतं, ते मूल −7 आणि −3 मध्ये अडतं. ते का अडतं आणि आपण काय करायला हवं, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवते. पहिली बरीच वर्षं मी हा धडा सगळे शिकवतात तसाच शिकवला. एक संख्यारेषा काढायची, उजवीकडं धन, डावीकडं ऋण, आणि तिसऱ्या दिवशी चिन्हांचा तक्ता. "मायनस मायनस प्लस, प्लस मायनस मायनस." मुलं पाढ्यासारखं म्हणायची. चाचणीत −3 − 5 याचं उत्तर वर्गातल्या बारा जणांनी +8 लिहिलं. एकाला जवळ बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, दोन मायनस हाईत की. मग प्लसच." मी जे पाठ करून घेतलं होतं, त्याप्रमाणं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गुणाकाराचा नियम मी बेरजेच्या दारात आणून ठेवला होता आणि त्यानं तो जसाच्या तसा वापरला. त्या बारा वह्या तपासताना मला फार वाईट वाटलं. मुलं हुशार होती, कष्ट घेत होती, आणि मी त्यांच्या हातात ऐन वेळी फसवणारी वस्तू दिली होती.

पुढच्या वर्षी तक्ता बाजूला ठेवला आणि नदी वर्गात आणली.

फळ्यावर एक उभी रेघ काढली. उभीच, कारण पाणी वर-खाली होतं, डावीकडं-उजवीकडं होत नाही. तिच्यावर 32, 36, 39, 43 या खुणा केल्या. म्हटलं, "39 ला पाणी आलं की इशारा. आजपुरतं आपण 39 ला शून्य म्हणूया. मग 43 ला काय म्हणायचं?" चार, असं सगळे ओरडले. "आणि 36 ला?" थोडा वेळ गेला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तीन कमी." "32 ला?" "सात कमी." फळ्यावर +4, −3, −7 लिहिलं. आता मोठी कोणती, −3 की −7, हे विचारायची गरजच पडली नाही. −7 हा तळाशी होता, सगळ्यांना दिसत होता.

पण खरा प्रश्न त्यानंतर आला. एक मुलगा उभा राहिला. "बाई, नदीत बत्तीस फूट पाणी हाय की. मग ते ऋण कसं? ऋण म्हंजे काहीच नसण्यापेक्षाबी कमी, असं तुम्हीच सांगितलंय."

मला वाटतं हा सगळा धडा त्या एका प्रश्नात आहे. ऋण संख्या म्हणजे "काहीच नाही, त्याहून कमी" हे आपण किती सहज सांगून टाकतो, आणि मुलांची बुद्धी तिथंच बंड करते. करायलाच हवं. काहीच नसण्यापेक्षा कमी चिंचा कुणी पाहिल्यात? −7 म्हणजे पाणी नाही असं नव्हे. आपण जी खूण शून्य मानली, तिच्या खाली सात. शून्य म्हणजे रिकामं, हे पहिलीपासून मुलांच्या मनात बसलेलं असतं, कारण पहिलीत ते तसंच शिकवावं लागतं. सहावीत मात्र शून्याला दुसरं काम मिळतं. ते मोजायला सुरुवात करायची जागा होतं, आणि ती जागा आपण ठरवतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तीच रेघ पुन्हा काढली आणि शून्य 43 वर नेलं. 39 झालं −4. 32 झालं −11. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. ते पहिल्या रेषेवर +16 च्या वर, दुसऱ्या रेषेवर +12 च्या वर. मुलांनी दोन्ही रेषा वहीत शेजारीशेजारी काढल्या. एकजण म्हणाला, "शून्य हललं, पाणी न्हाई हललं." हे वाक्य मी तेव्हापासून दरवर्षी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते.

या दोन रेषांमधून आणखी एक गोष्ट आपोआप हाती लागते, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोलाची आहे. 32 फुटांवरचं पाणी 43 ला पोचायला किती चढावं लागेल? अकरा फूट. पहिल्या रेषेवर मोजा, −7 पासून +4 पर्यंत अकरा. दुसऱ्या रेषेवर मोजा, −11 पासून 0 पर्यंत अकरा. म्हणजे (+4) − (−7) = 11. शून्याच्या खालचे सात चढायचे, मग वरचे चार. वजा करताना सात आणि चार यांची बेरीज का होते, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. "मायनस मायनस प्लस" म्हणायची वेळच येत नाही.

पंचगंगा घाटावर शाळेची सहल नेता आली तर हेच पायऱ्यांवर होतं. पाण्याची कड म्हणजे शून्य. वरच्या पायऱ्या धन, बुडालेल्या ऋण. पाऊस लागला की आज +3 असलेली पायरी परवा −2 होते. अर्थात हे पावसाळ्याआधी दाखवायचं आणि पावसाळ्यात फोटोवर. चढत्या पाण्याजवळ पोरं न्यायची नाहीत.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. नदीकाठच्या मुलांसाठी पूर हा पुस्तकातला दाखला नसतो. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला आमच्या कितीतरी मुलांची घरं पाण्यात गेली, जनावरं सोडून द्यावी लागली, शाळांतून छावण्या झाल्या. 55 हा आकडा मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तेव्हा एक मुलगी खाली मान घालून बसली ती तास संपेपर्यंत. नंतर कळलं, त्यांची म्हैस त्या पुरात गेली होती. तेव्हापासून मी 39 आणि 43 याच आकड्यांवर बराच वेळ काढते, आणि 55 आधी मुलांकडून आला तरच घेते. आपापल्या वर्गात कोण बसलंय हे आपल्याला माहीत असतं. त्याप्रमाणं ठरवावं. ज्यांच्या गावात पूर येत नाही, त्यांनी विहीर घ्यावी, गगनबावड्याचा घाट घ्यावा. नदीच पाहिजे असं नाही.

शिवाय नदीची एक मर्यादा आहे. ती तुलना सुंदर शिकवते, अंतर शिकवते, पण "ऋण संख्या काढून घेतली" याचा अर्थ तिच्यातून नीट उमगत नाही. त्यासाठी मी फुटबॉलकडं वळते.

कोल्हापुरात फुटबॉलबद्दल मी काय सांगावं! शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. पाटाकडील की दिलबहार, शिवाजी की खंडोबा, यावरून सहावीतली पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांशी अबोला धरतात. गोल डिफरन्स म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. केलेले गोल वजा खाल्लेले गोल. साखळी सामन्यांत दोन संघांच्या गुणांची बरोबरी झाली की त्याच्यावर भवितव्य ठरतं, म्हणून ते −2 आहे की +1 हे पोरं बोटांवर मोजत बसतात. पूर्णांकांची बेरीज तर ती रोज करतात, फक्त तिला ते नाव देत नाहीत.

यासाठी साहित्य लागतं ते चिंचोके. चिंचोका फरशीवर घासून मधोमध फोडला की एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. आपल्या आज्या पट खेळायला हेच घ्यायच्या. पांढरी बाजू म्हणजे आपण केलेला गोल, तपकिरी म्हणजे आपल्यावर झालेला. वर्गाचे सहा संघ पाडायचे, नावं त्यांनीच ठेवायची. प्रत्येक संघापुढं वहीच्या कागदाचं मैदान. एका डब्यात चिठ्ठ्या. "दोन गोल केले." "एक गोल झाला." एकेक संघानं चिठ्ठी काढायची, तसे चिंचोके ठेवायचे आणि मोठ्यानं आपला फरक सांगायचा. एक पांढरा आणि एक तपकिरी समोरासमोर आले की दोघं मिळून शून्य. हे मुलं दहा मिनिटांत स्वतःच शोधतात आणि जोड्या बाजूला सारायला लागतात. मी सांगत नाही, वाट बघते.

दुसऱ्या दिवशी डब्यात दोन नव्या चिठ्ठ्या टाकायच्या. "ऑफसाइड: तुमचा एक गोल रद्द." आणि "ऑफसाइड: तुमच्यावर झालेला एक गोल रद्द." पहिली निघाली की संघ हळहळतो. दुसरी निघाली की बाकावर उड्या पडतात. का रे ओरडताय, विचारलं की सांगतात, "बाई, आमच्यावरचा गोल रद्द झाला, म्हंजे आमचा फरक एकानं वाढला की!" हेच ते, ऋण एक वजा केला आणि संख्या एकानं वाढली. फळ्यावर त्यांच्या त्या ओरडण्याखाली मी लिहिते: −(−1) = +1. वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलालाही त्या क्षणी ते पटलेलं असतं, कारण त्यानं आत्ताच उडी मारलेली असते.

मग अडचण येतेच. एका संघाचा फरक +2 आहे, मैदानात दोन पांढरे आणि तपकिरी एकही नाही, आणि चिठ्ठी निघते, "तुमच्यावर झालेले तीन गोल रद्द." आता काढणार कुठून? इथं घाई करू नका, कृपा करून. पाच-सात मिनिटं वर्गाला भांडू द्या. कुणी म्हणेल चिठ्ठी रद्द, कुणी म्हणेल चोरी आहे. माझ्या वर्गात एका वर्षी एका मुलीनं सांगितलं, "दोन-शून्य जिंकलं काय आणि पाच-तीन जिंकलं काय, फरक दोनच न्हवं का?" तिनं तीन पांढरे आणि तीन तपकिरी आणून मैदानात ठेवले. फरक अजून +2 च होता. मग तिनं तीन तपकिरी उचलून घेतले. उरले पाच पांढरे. (+2) − (−3) = +5. ही युक्ती मी सुद्धा तिला दिली नव्हती. सव्वीस वर्षांत मला वर्गात मिळालेल्या आनंदांपैकी तो एक मोठा आनंद आहे.

दुधाचं बिलही चांगलं चालतं. आपल्या गावोगावच्या दूध संस्थांत दर दहा दिवसांनी बिल होतं, त्यातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात. दूध 1850 रुपयांचं, खाद्य आणि हप्ता मिळून 2100, म्हणजे बिल उणे 250 निघालं आणि ते पुढच्या बिलात ओढलं. मग कळलं की एक 700 रुपयांची कपात चुकून दोनदा लागली होती. ती काढून टाकली. −250 − (−700), आता हातात 450 आले. मुलांना हे पटकन समजतं, कारण संस्थेत घागर घेऊन तीच जातात. पण इथं माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्याही मुलाला स्वतःच्या घरचं बिल, उधारी, कर्ज वर्गात सांगायला लावू नका. आकडे आपण मनाने घ्यावेत, घर काल्पनिक असावं. कितीतरी घरांत कर्ज ही रात्री हळू आवाजात बोलायची गोष्ट आहे, आणि ते ओझं आपल्या एका दाखल्यासाठी अकरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर चारचौघांत ठेवू नये.

आता "ऋण" या शब्दाबद्दल. मुलांना विचारलं, ऋण म्हणजे काय, तर एकानं सांगितलं, "बाई, आभार मानताना म्हणत्यात ते." बरोबरच आहे, कर्ज हा शब्द त्यांच्या कानावर रोज पडतो, ऋण फक्त भाषणात. म्हणून धन आणि ऋण हे शब्द पुस्तकात कुठून आले, हे मी पाच मिनिटांत सांगते. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तानं इसवी सन 628 मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांच्यावरच्या क्रियांचे नियम लिहून ठेवले. धनात धन मिळवलं की धन, ऋणात ऋण मिळवलं की ऋण, धन आणि ऋण मिळवलं की त्यांचा फरक, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य. म्हणजे चिंचोक्यांच्या जोड्या बाजूला सारताना आपली पोरं जे करतात तेच. सोळाव्या शतकातसुद्धा युरोपातले नामवंत गणिती या संख्यांना अर्थहीन म्हणत होते. वर्गातलं पोर जेव्हा "असं कसं असंल?" म्हणतं, तेव्हा ते मोठमोठ्या माणसांना पडलेल्या प्रश्नासमोरच उभं असतं. त्याला गप्प बसवणं मला अपराध वाटतो.

चिन्हाचंही तसंच. बख्शाली हस्तलिखित म्हणून आपल्याकडचं गणिताचं एक फार जुनं हस्तलिखित आहे, त्यात ऋण संख्येनंतर जे चिन्ह येतं ते आजच्या अधिकच्या चिन्हासारखं दिसतं. भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. आपली आडवी रेघ ही नंतरची सोय. हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

भास्कराचार्यांचं आणखी एक उदाहरण शिक्षकांनी स्वतःसाठी सोडवून पाहावं. त्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात एक त्रिकोण आहे. बाजू 10 आणि 17, पाया 9. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला की पायाचे दोन तुकडे किती, असा प्रश्न. गणित केलं की एक तुकडा 15 येतो आणि दुसरा ऋण 6. पाया तर 9 च आहे! आकृती नीट काढली की कळतं, लंब पायाच्या बाहेर पडतो, 6 एकक उलट्या बाजूला. भास्कराचार्य सांगतात तेही हेच, ऋण म्हणजे दिशा उलटी. लंब 8 येतो, एकीकडं 6-8-10 आणि दुसरीकडं 8-15-17. कर्ज आणि दिशा, ऋणाचे हे दोन्ही अर्थ आपल्या परंपरेत आहेत. दूध संस्थेचं बिल पहिल्या अर्थाचं, नदीची पातळी दुसऱ्या. मुलांना दोन्ही हवेत.

शब्दांवरून आठवलं, आपल्या मराठीनं एक मोठी सोय करून ठेवली आहे आणि आपण ती वाया घालवतो. "वजा" ही क्रिया आहे, "ऋण" हे संख्येचं चिन्ह आहे. 5 − (−3) हे "पाच वजा ऋण तीन" असं वाचलं की दोन रेघांची दोन कामं कानालाच वेगळी ऐकू येतात. आपण मात्र "फाइव्ह मायनस मायनस थ्री" म्हणतो, आणि पोरगं दोन सारख्या रेघा बघून तक्ता आठवायला लागतं. सेमीच्या वर्गातही पहिले आठ दिवस वजा आणि ऋण हेच शब्द वापरा. परीक्षेत मायनस लिहायला त्याचा अडथळा होत नाही, मी पाहिलंय.

आणि आता प्राथमिकच्या बंधू-भगिनींना. दुसरी-तिसरीत हातच्याची वजाबाकी शिकवताना आपण म्हणतो, "तीनातून पाच जात नाहीत." मी स्वतः शेकडो वेळा म्हटलं आहे. पोर ते मनावर कोरून घेतं, आणि सहावीत आम्ही सांगतो, जातात, उत्तर ऋण दोन. तीन-चार वर्षं जे सत्य म्हणून दिलं तेच मोडून काढावं लागतं. "तीन सुट्ट्यांतून पाच सुटे देता येत नाहीत, म्हणून एक दशक सुटा करूया" इतकं म्हटलं तरी पुरे. खोटं काही बोललं जात नाही आणि पुढची वाट बंद होत नाही. एखाद्या तिसरीतल्या पोरानं विचारलंच, "मग तीनातून पाच कधीच जात नाहीत का?", तर सांगा, "जातात, सहावीत बघशील." ते पोर तीन वर्षं त्या धड्याची वाट बघेल.

तापमानाचा दाखला पुस्तकांतून हमखास असतो, पण कोल्हापुरात पारा शून्याला कधी जात नाही, त्यामुळं बर्फ आमच्या मुलांना टीव्हीवरचा. अपवाद आहेत. सैनिक टाकळीसारख्या गावात, जिथं घरटी माणूस सैन्यात आहे, तिथं लेहवरून आलेल्या फोनवर "आज उणे वीस हाय" हे पोरांनी ऐकलेलं असतं. तिथं थर्मामीटरनंच सुरुवात करावी. बाकी ठिकाणी आइस्क्रीमच्या दुकानातल्या डीप फ्रीजरवर −18 असा आकडा असतो, तेवढा पाहून यायला सांगितलं तरी चालतं.

गुणाकार सातवीत येतो, आणि तिथं गाडी पुन्हा अडते. ऋण गुणिले ऋण धन का? कर्जाच्या दाखल्यानं इथं ओढाताण होते, कारण कर्जाला कर्जानं गुणायचं म्हणजे काय, याला अर्थच नाही. म्हणून मी परत नदीवर येते. पाणी तासाला दोन इंच उतरतंय. म्हणजे दर −2. आत्ताची पातळी शून्य माना. तीन तासांनी कुठं असेल? सहा इंच खाली, −6. आणि तीन तासांपूर्वी कुठं होतं? वर्ग एका आवाजात सांगतो, "सहा इंच वर!" तीन तासांपूर्वी म्हणजे −3. (−2) × (−3) = +6. पूर ओसरायची वाट पाहत ज्यांनी भिंतीवर खडूनं खुणा केल्यात, त्या मुलांना याला पुरावा लागत नाही. सातवीचे शिक्षक हो, हे एकदा करून पाहा.

पटांगणात फक्कीनं रेषा आखून चालायला लावणं तर सगळ्यांना माहीतच आहे. मी फक्त इतकं करते की धन बाजू जोतिबाच्या डोंगराकडं ठेवते, म्हणजे तोंड कुणीकडं हे कुणी विसरत नाही. मिळवायचं तर पुढं, वजा करायचं तर उलट पावली मागं. संख्या ऋण असेल तर डोंगराकडं पाठ. "दोन वजा ऋण तीन": दोनवर उभं राहा, डोंगराकडं पाठ करा, तीन पावलं मागं या. पाचवर पोचलात.

माझं मागणं मोठं नाही. धडा सुरू झाल्यापासून पहिले आठ दिवस चिन्हांचा तक्ता फळ्यावर येऊ नये. घटक चाचणीत दहा उदाहरणं सोडवायला देण्याऐवजी सात द्यावीत आणि एक प्रश्न असा असावा: "(−4) − (−6) याची गोष्ट लिहा." गोष्ट जमली की गणित जमलंय. अधिकाऱ्यांनी पाहणीला आल्यावर वहीत किती पानं भरली ते मोजू नये, कारण चिंचोक्यांच्या आठ दिवसांत वही फार भरत नाही आणि त्या भीतीनंच कितीतरी चांगले शिक्षक दुसऱ्याच दिवशी तक्त्याकडं वळतात. शिष्यवृत्तीच्या तयारीची घाई मलाही कळते. पण आठ दिवस इथं गेले तर पुढं समीकरणांत महिना वाचतो. आठवीला माझीच मुलं पुन्हा माझ्यासमोर येतात, म्हणून हे मी पाहून सांगते.

केंद्रप्रमुखांना विनंती, जुलैच्या शिक्षण परिषदेत या धड्यासाठी अर्धा तास द्यावा. भाषण नको. सगळ्यांनी सहा गट करून खाली बसावं आणि एकदा तो फुटबॉलचा डाव खेळावा. दोन डबे फोडलेले चिंचोके आणि चिठ्ठ्या माझ्याकडं तयार आहेत. मी घेऊन येते.

आपली,
करवीर तालुक्यातील एक गणित शिक्षिका